टोकावरच्या केंद्राचे आकडे

ऑफिसात तिला सगळे चाळणीबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते नाव तिला आवडायचंही. हवामान खात्याच्या मुख्य कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या लांबट खोलीत तिचं टेबल होतं. खात्याकडे दिवसभर शेकडो ठिकाणांहून आकडे येत. कुठे किती तापमान, वारा कोणीकडून, हवेत दमटपणा किती, दाब किती. ते सगळे आकडे संगणकाच्या पोटात जात आणि तिथून उद्या-परवाचा अंदाज बाहेर येई. ह्या आकड्यांतले कामाचे कोणते आणि नुसती भरताड कोणती, हे सांगायचं काम चाळणीबाईचं.

हे काम तिने नवऱ्याला लग्नानंतर तीनदा समजावून सांगितलं होतं. नवरा बेकरीत कामाला. दोनदा त्याने नुसती मान हलवली. तिसऱ्यांदा म्हणाला, "म्हणजे एक दिवस पावात मीठ घालायचं नाही आणि गिऱ्हाइकाचं तोंड वाकडं होतं का ते बघायचं. दुसऱ्या दिवशी यीस्ट घालायचं नाही. असंच ना?"

"तसंच," ती म्हणाली. "फक्त आम्ही शिळ्या पावावर करतो. मागच्या दोन महिन्यांचे अंदाज पुन्हा करायचे, एका केंद्राचे आकडे वगळून. मग प्रत्यक्षात हवा कशी होती त्याच्याशी ताडून बघायचं. अंदाज बिघडला तर ते केंद्र कामाचं. नाही बिघडला तर..."

"तर त्याची सुट्टी."

"मी सुट्टी करत नाही. मी फक्त यादी देते."

नवरा हसला. ती कशाकशावर संशय घेते ते त्याला लग्नाआधीपासून माहीत होतं. दुधाच्या पिशवीवरची तारीख ती दोनदा वाचायची, बसस्टँडच्या घड्याळावर तिचा विश्वास नव्हता, आणि लेकीने "अभ्यास झाला" म्हटलं की वही उघडून बघितल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडायचं नाही. हा स्वभाव तिला शाळेत जडला. चौथीच्या वर्गात भिंतीवर तापमानाचा तक्ता होता. बाई रोज सकाळी थर्मामीटर बघून आकडा लिहीत. एका सोमवारी तिने बोट वर करून विचारलं, "बाई, काल शाळा बंद होती. मग रविवारच्या चौकटीत आकडा कसा?" वर्ग हसला. बाईंनी तिला मधल्या सुट्टीपर्यंत दाराबाहेर उभं केलं. दाराबाहेर उभ्या उभ्या तिने भिंतीवरचे सगळे रविवार मोजले. अकरा होते. अकराही भरलेले.

तर एका वर्षी साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, की महिनाअखेर पाच केंद्रांची यादी हवी. सगळीच केंद्रं चालवणं खात्याला झेपत नाही. ज्यांच्यावाचून अडत नाही ती बंद करायची. साहेब सरळ माणूस. त्यांना यादी हवी असली की यादीच हवी असे. यादीमागचं कारण त्यांना चहाचा कप संपेपर्यंत सांगता येईल एवढंच पुरे.

चार केंद्रं लवकर सापडली. पाचव्याशी ती अडखळली. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या एका चिंचोळ्या तुकड्यावर ते केंद्र होतं. खात्यात त्याला नुसतं 'टोक' म्हणत. तिथून सकाळ-संध्याकाळ हवेत फुगा सोडत. फुग्याला लोंबणारी डबी वर जाता जाता तापमान, दमटपणा आणि वारा मोजून खाली कळवत असे. चाळणीबाईने टोकाचे आकडे वगळून दोन महिन्यांचे अंदाज पुन्हा केले. जमिनीलगतच्या हवेपुरतं बघितलं तर काहीही बिघडलं नव्हतं. सुधारलंही नव्हतं. तिसऱ्या दशांशापर्यंत तेच ते आकडे.

शेजारच्या टेबलावर मफलर बसायचा. बारा महिने गळ्यात मफलर, म्हणून मफलर. तो म्हणाला, "झालं तर मग बाई. पाच झाली."

"नाही झाली," ती म्हणाली. "वाईट केंद्राने अंदाज बिघडतो. चांगल्याने सुधारतो. काहीच होत नाही असं केंद्र मी अजून बघितलं नाही."

तिच्या मनात पाल चुकचुकली होती. तिने टोकाचे आकडे काढले आणि त्यांच्याशेजारी संगणकाचा आदल्या वेळचा अंदाज ठेवला. संगणक कुठल्याही वेळी आधी स्वतःच ठरवतो, की आत्ता अमुक ठिकाणी एवढं तापमान असावं. मग खरा आकडा आला की त्याप्रमाणे स्वतःला दुरुस्त करतो. टोकाच्या बाबतीत दुरुस्तीला जागाच नव्हती. जमिनीपासून पाचशे मीटरपर्यंतचे आकडे अंदाजाशी दशांशाला दशांश लावून जुळत होते. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, साठच्या साठ दिवस.

"हा माणूस फुगा सोडतच नाही," ती हळूच म्हणाली. "आपलाच अंदाज बघतो, उतरवून काढतो आणि आपल्यालाच परत पाठवतो."

मफलरने मफलर सैल केला. "पण वरचे आकडे वेगळे आहेत ना? पाचशे मीटरच्या वरचे?"

"वरचे हुशारीने बदलले असतील. खालचे बदलायचा कंटाळा केला."

"बाई, सगळा खोटेपणा करणारा माणूस सोप्यात कंटाळा करेल आणि अवघडात मेहनत?"

पण कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की. साहेबांकडून तिने चार दिवसांची परवानगी काढली आणि एक अट घातली: टोकाला कळवायचं नाही. मफलरला तिने बजावलं, "कुणी विचारलं तर मी आजारी आहे."

"काय आजार?"

"तू काही सांगू नकोस. सांगायला लागलास की पकडला जाशील."

बसने सहा तास लागले. पुढच्या सीटवरचा एक गृहस्थ सारखा फोनवर "निघालीये, दुपारपर्यंत पोचेल" असं कुणाला तरी सांगत होता. चाळणीबाईचा अर्धा प्रवास त्याच्या मानेकडे बघण्यात गेला. शेवटी कळलं, की त्याची शिवणयंत्राची पेटी बसच्या टपावर होती.

केंद्र चढणीवर होतं; खाली गावात एक छोटं लॉज होतं. सामान टाकून तिने मालकिणीला सहज विचारावं तसं विचारलं, "उद्या हवा कशी असेल हो?"

"थांबा, वर फोन करून विचारते."

"खात्याचा अंदाज येतो ना रोज?"

मालकीण चादर झटकत म्हणाली, "तो येतो हो. आम्ही मात्र फुगेवाल्याला विचारतो. होडीवालेही त्यालाच विचारतात. खात्याचं ऐकून बाहेर पडलं की धुक्यात वाट चुकते."

चाळणीबाईचे कान टवकारले. म्हणजे हा माणूस गावाला एक सांगतो आणि खात्याला दुसरंच कळवतो. ती लॉजवर थांबली नाही. पर्स खांद्याला लावून तशीच चढण चढायला लागली.

केंद्र म्हणजे एक पत्र्याची उंच शेड, तिला खेटून दोन खोल्या, आणि बाहेर पांढऱ्या रंगाची जाळीदार पेटी. फुगेवाला दारातच उभा होता. साठीला टेकलेला, बारीक, स्वेटरच्या कोपराला ठिगळ. तिने खात्याचं नाव सांगितलं. त्याने हात पुढे केला.

"ओळखपत्र."

तिने दिलं. त्याने आधी फोटो बघितला, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोटो. आत जाऊन एक जाड वही आणली, घड्याळ बघितलं आणि उभ्या उभ्या लिहिलं. वाकून बघितल्याशिवाय तिला राहवलं नाही. वहीत होतं: *११ वाजून ४० मिनिटं. मुख्य कार्यालयातून आले असं सांगणारी एक बाई. ओळखपत्र बघितलं. फोटो जुना.*

"न कळवता आलात," तो म्हणाला.

"तपासणी कळवून करत नाहीत."

"बरोबर आहे. मीही कुणाला कळवत नाही, की मी काय तपासतो."

ह्याचा अर्थ काय ते तिला त्या दिवशी समजलं नाही. फुगेवाल्याबरोबर त्याची थोरली बहीण राहायची. ती विधवा होती आणि केंद्रावरची दुसरी कर्मचारी होती. फुगा फुगवणं त्याच्याकडे, आकडे पाठवणं तिच्याकडे. ती दारातून म्हणाली, "अगं, आत तरी ये. चढण चढून आलीस, चहा घे." चाळणीबाई म्हणाली, "नको, कामानंतर." चहा घेतला की माणूस मिंधा होतो असं तिचं मत होतं.

संध्याकाळचा फुगा तिने डोळ्यांत तेल घालून बघितला. सिलिंडरमधला वायू नळीतून फुसफुसत आत जाऊ लागला, तसा रबरी फुगा हळूहळू उभा राहिला, तिच्या डोक्याच्याही वर गेला. डबी दोऱ्याला बांधायच्या आधी तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेला स्वतःचा थर्मामीटर काढला आणि डबीशेजारी धरला. दोन दशांशांचा फरक.

"तुमचा थर्मामीटर शेवटचा कधी तपासला?" फुगेवाल्याने विचारलं.

"नऊ-एक महिने झाले असतील."

"आमची डबी दुपारीच तपासली. मग दोन दशांश कुणाचे धरायचे?"

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण तो बरोबर बोलत होता. शेडचं दार सरकवून त्याने फुगा बाहेर नेला, दोन पावलं वाऱ्याच्या दिशेने चालला आणि सोडला. फुगा गेला. खोटेपणा काही नव्हता. चाळणीबाईने मनात म्हटलं, मी आहे म्हणून सोडला. मी आले नसते तर सोडला नसता.

दुसरा दिवस तिने रद्दी उपसण्यात घालवला. डब्यांच्या रिकाम्या खोक्यांची संख्या, सिलिंडरच्या नोंदी, फुग्यांचे उरलेले गठ्ठे. साठ दिवसांत एकशे वीस फुगे जायला हवेत. एकशे वीस डब्या गेल्याच्या खुणा होत्या, आणि एक जास्त, कारण मागच्या महिन्यात एक फुगा जाळीला अडकून फाटला होता. ती मोजत असताना फुगेवाला समोर स्टूल टाकून बसला होता. ती प्रत्येक गठ्ठा जागच्या जागी ठेवते की नाही ते बघत.

"तुम्हाला माझा संशय येतो?" तिने विचारलं.

"तुम्हाला माझा येतो ना? मग फिटंफाट."

आतून बहीण हसली. "दोघांना एका खोलीत कोंडलं तर कुलपावरसुद्धा संशय घ्याल," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. तसं धुकं चाळणीबाईने आधी बघितलं नव्हतं. खालचं गाव, होड्या, धक्का, सगळं पुसून गेलं होतं आणि शेडच्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं. तिच्या पदराची किनार भिजली. फोनवर तिने खात्याचा अंदाज काढला: आकाश निरभ्र, सकाळ उबदार. ती एकदा फोनकडे आणि एकदा बाहेर बघत राहिली.

फुगा सोडला तसा चार हातांवर दिसेनासा झाला. आत पडद्यावर आकडे उमटू लागले. तिने ठरवलं होतं, की आज एकेक आकडा स्वतःच्या हाताने लिहायचा. जमिनीवर तेरा. शंभर मीटरवर साडेबारा. तीनशे मीटरवर ११.४. मग पाचशेच्या जवळ आल्यावर तापमान एकदम उसळून अठरावर गेलं.

"हे चुकलं," ती म्हणाली. "वर जाताना हवा गार व्हायला हवी. इथे वर गेल्यावर गरम होतेय."

"समुद्रावरची गार हवा जमिनीलगत घुसते, गरम हवेच्या खाली," फुगेवाला म्हणाला. "ते गार जे आहे ना, ते बाहेर उभं आहे. हात लावून बघा."

हात लावून बघायची गरज नव्हती. पदर ओला होता.

बहिणीने आकडे पाठवले. पाठवताना चाळणीबाई तिच्या खांद्यामागे उभी होती, की ही म्हातारी तर काही फेरफार करत नाही ना. ११.४ गेलं. जाताना दिसलं. मग तिने मफलरला फोन लावला.

"टोकाचे सकाळचे आकडे काढ. तीनशे मीटर. किती आहे?"

"सोळा पॉइंट दोन."

"पुन्हा बघ."

"सोळा पॉइंट दोन, बाई. अंदाजाशी तंतोतंत. नेहमीसारखं."

तिने स्वतःच्या हाताने लिहिलेला ११.४ पुन्हा वाचला. फुगेवाला दारात उभा होता. त्याचा चेहरा, जणू काही तिच्या ह्या 'पुन्हा बघ'ची तो कधीची वाट बघत होता, तसा झाला होता. बहिणीच्या यंत्रावर अजूनही संशय घेता आला असता, आणि खरं सांगायचं तर तिने तो घेतला.

"तयार तक्त्यातला आकडा नको," ती मफलरला म्हणाली. "कच्चा संदेश बघ. आत शिरतानाचा."

की-बोर्डची टकटक ऐकू आली. "अकरा पॉइंट चार."

"आणि आपल्या तपासणीच्या प्रोग्राममधून बाहेर पडताना?"

"सोळा पॉइंट दोन."

"म्हणजे आपल्या घरात बदलतोय. प्रोग्राममधली बदलणारी ओळ शोध."

वीसेक मिनिटांनी मफलरचा फोन आला. त्याचा आवाज खाली गेला होता. "बाई, तुमच्याजवळ कुणी आहे का?"

"आहेत. बोल."

"एक ओळ सापडली. टोकाच्या नावाची. पाचशे मीटरखालचे आकडे आले की ते बाजूला ठेवायचे आणि त्या जागी अंदाजाचे घालायचे. वर शेरा आहे: डबी सदोष वाटते, तात्पुरतं, पंधरा दिवसांसाठी. तारीख सव्वाअकरा वर्षांपूर्वीची. नवीन संगणक आले तेव्हा जुन्यातून तशीच उचललेली दिसते."

"कुणी घातली?"

मफलरने तारीखच पुन्हा वाचून दाखवली.

"अरे, कुणी घातली?"

"खाली आद्याक्षरं आहेत. तुमची."

तिला आठवलं. सगळं नाही, पण आठवलं. आठवा महिना भरला होता, पाय सुजले होते, शुक्रवार होता आणि सोमवारपासून बाळंतपणाची रजा. टोकाचे आकडे अंदाजापेक्षा चार-पाच अंशांनी कमी येत होते. असं होऊच शकत नाही, डबी बिघडली असणार, असं म्हणून तिने ती ओळ घातली होती. आल्यावर बघू म्हणून. आली तेव्हा टेबल वेगळं, काम वेगळं. लेक आता अकरा वर्षांची होती, आणि तेवढी वर्षं ह्या टोकावरचा माणूस रोज दोनदा खरा आकडा पाठवत होता आणि रोज दोनदा तो पुसला जात होता. पुसलेल्या जागी काय लिहिलं जात होतं, तर संगणकाचं स्वतःचंच मत. त्याच जोरावर ती त्याला खोटा ठरवायला आली होती.

"काय म्हणाले?" फुगेवाल्याने विचारलं.

'कार्यालयात तपासावं लागेल' हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. अशी वाक्यं खात्यात सगळ्यांच्याच जिभेवर तयार असतात. पण समोरचा माणूस तिच्या ओठांकडे असा बघत होता, की ते वाक्य खोटं आहे हे त्याला ती बोलायच्या आधी कळलं असतं.

"तुमचे खालचे आकडे आमच्याकडे बदलले जातात," ती म्हणाली. "सव्वाअकरा वर्षं. बदलणारी ओळ मी लिहिली."

तो ओरडला नाही. आत गेला आणि वह्यांची चळत उचलून आणली. प्रत्येक दिवसाचा पाठवलेला आकडा आणि शेजारी, खात्याच्या महिन्याच्या पत्रकात छापून आलेला आकडा. जिथे फरक तिथे लाल टिंब. पानंच्या पानं लाल झाली होती. वह्यांच्या खाली त्याने कार्यालयाला पाठवलेल्या सात पत्रांच्या प्रती होत्या आणि सात उत्तरं. सातही उत्तरांत एकच ओळ: आपले पत्र मिळाले, योग्य ती नोंद घेतली आहे.

"मला वाटायचं, तिकडे कुणी तरी मुद्दाम करतंय," तो म्हणाला. "माझं केंद्र बंद पाडायला. कोण असेल, कसा असेल, ह्याचा मी फार विचार केला. बाई असेल असं वाटलं नव्हतं."

"मुद्दाम नव्हतं."

"ते आता तुम्ही म्हणता." त्याने कोरा कागद पुढे केला. "जे बोललात ते लिहून द्या. तारीख घाला."

तिने लिहिलं. त्याने दोनदा वाचलं, 'सव्वाअकरा' ह्या शब्दाखाली नखाने रेघ मारली आणि म्हणाला, "आकड्यातही लिहा." तिने आकड्यातही लिहिलं. मग बहीण चहा घेऊन आली आणि ह्या वेळी चाळणीबाई नको म्हणाली नाही. बहीण म्हणाली, "आता तरी त्या लाल पेनाला विश्रांती दे रे," आणि भाऊ म्हणाला, "बघू. आधी पुढच्या महिन्याचं पत्रक येऊ दे."

परत आल्यावर तिने अहवाल लिहिला. साहेबांनी तो वाचून चष्मा काढला. "'संगणकीय त्रुटी' असं घालू या. नाव कशाला?"

"संगणकाने काही केलं नाही, साहेब. त्याला मी सांगितलं तेवढंच केलं."

"तुमच्या बढतीवर परिणाम होईल."

"होऊ दे. पण नाव असू दे. नाहीतर दहा वर्षांनी कुणी तरी हाच अहवाल वाचेल आणि विचारेल, कुणाची चूक, आणि उगाच त्या म्हाताऱ्यावर संशय घेईल."

साहेबांनी नाव राहू दिलं. यादी करायचं काम मात्र तिच्याकडून काढून मफलरकडे दिलं. त्या संध्याकाळी घरी तिचा चेहरा बघून नवऱ्याने आधी जेवायला वाढलं. जेवताना तिने आपणहून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मिठाच्या डब्यात तूच मैदा भरून ठेवला होतास, आणि मीठ काढून बघितलं तर चवीत फरक पडला नाही म्हणून मिठाला दोष दिलास." ती रडेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली, मग थोडी रडलीही.

ओळ काढून टाकल्यावर टोकाचं मूल्यमापन पुन्हा केलं. ते तिने स्वतः केलं नाही. मफलरला करायला लावलं आणि शेवटपर्यंत त्याच्या टेबलाकडे फिरकली नाही. निकाल काही डोळे दिपवणारा नव्हता. धुक्याचा अंदाज सुधारला, विशेषतः समुद्रावरून वारा असताना; खाडीतल्या होड्यांना अर्धा दिवस आधी सूचना देता आली असती असे सोळा दिवस निघाले. पण साठांतल्या सव्वीस दिवशी टोकाचा खरा आकडा घेतल्याने अंदाज किंचित बिघडलाही होता. असं सगळ्याच केंद्रांचं होतं; निम्म्याहून थोडे जास्त दिवस फायदा, बाकीचे दिवस तोटा, आणि बेरीज फायद्याची. केंद्र यादीतून निघालं. तिने फुगेवाल्याला सगळं पत्रात लिहिलं, सव्वीस दिवसांचंही.

आठवड्यात उत्तर आलं. मायना नाही, काही नाही. *ते सव्वीस दिवस कोणते ते कळवा.*

तिने तारखा कळवल्या. आणि मग ती स्वतःच्या दुसऱ्या कामाला लागली, जे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या सबंध प्रोग्राममध्ये 'तात्पुरतं' हा शब्द कुठे कुठे आहे ते तिने शोधलं. त्रेचाळीस ठिकाणी होता. त्यातल्या एकोणीस ओळी तिच्या. एकोणिसांपैकी अठरा निरुपद्रवी होत्या, काही तर बरोबरच होत्या. एकोणिसावी होती डोंगराच्या खिंडीतल्या एका केंद्राची. ते केंद्र सहा वर्षांपूर्वी बंद झालं होतं. तिच्याच यादीवरून.

कच्चे संदेश तळघरातल्या कपाटात जपून ठेवलेले होते. जेवणाच्या सुट्टीत ती खाली जाई आणि शेवटच्या वर्षाचे आकडे काढून पुन्हा हिशेब मांडी. महिना लागला. निकाल आला तो असा, की ते केंद्र कामाचं होतं. फार नाही. थोडं. बंद करण्याइतकं बिनकामाचं मात्र नव्हतं. ती साहेबांकडे गेली. साहेबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, की तिथली जागा आता रस्ते खात्याकडे गेली, माणसं पांगली, आता काय उपयोग. तेही खोटं नव्हतं.

तिथे एक निरीक्षक बाई होत्या. चाळणीबाईने त्यांचा पत्ता मिळवला आणि जे घडलं ते लिहिलं, आकड्यांसह. उत्तराची अपेक्षा नव्हती. पण कार्ड आलं, सुवाच्य, गोल अक्षरातलं. *कळवल्याबद्दल आभार. मला तेव्हाच माहीत होतं.* ते कार्ड तिने टेबलाच्या खणात ठेवलं, मग काढून अहवालाच्या फाइलला लावलं, आणि त्यावर आवक क्रमांक घातला.

त्याच आठवड्यात टोकाहून जाड पाकीट आलं. फुगेवाल्याने सव्वीस तारखा स्वतःच्या वह्यांशी ताडून बघितल्या होत्या आणि त्यांतल्या सात त्याला मान्य नव्हत्या. प्रत्येकीसाठी एकेक पान. अमुक तारखेला बिघाड आमचा नाही, तुमच्याकडे शेजारच्या बंदराचा वारा उलटा लिहिला गेलाय असा माझा संशय आहे, वगैरे. शेवटी बहिणीची ओळ होती: *हा आता हिरवं पेन वापरतो.*

मफलर डोकावून म्हणाला, "काय म्हणतोय म्हातारा?"

"सात तारखांवर संशय घेतोय."

"आता?"

"आता काय," चाळणीबाई म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. "पहिली तारीख काढ. बंदराचा वारा. कच्चा संदेश."

दुपारपर्यंत दोन तारखांत तो बरोबर निघाला. तिसरी त्यांनी चहानंतर घेतली.